भिंगाची कॉलर

शिंपीबुवांनी लेकीच्या कोटासाठी कापड आणलं, टेबलावर पसरलं, खडू हातात घेतला आणि तिथेच अडले. शंभर गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या मुलीचं आताचं माप ठाऊक नव्हतं. नोकरीसाठी ती दूरदेशी गेली त्याला बराच काळ लोटला होता. फोनवर विचारलं, तर म्हणाली, जुन्या मापाने शिवा, चालेल.

बायकोच्या मते पोर वाळली होती. बुवांच्या मते खांद्यांत भरली होती. पण मोबाइलवर दिसायची वीतभर, त्यामुळे वाद काही मिटत नव्हता.

बटणं आणायला गेले, तेव्हा दुकानदाराने सांगितलं, की खोक्यात मोबाइल ठेवून पुढे भिंग लावलं तर भिंतीवर सिनेमासारखं चित्र पडतं. बुवांचे पाय रस्त्याला लागेनात. पोरगी भिंतीवर पुऱ्या उंचीची उभी राहणार, आणि आपण टेप लावून माप घेणार.

खोकं होतं. पेपर वाचायचं जाड भिंगही होतं. पण भिंग खोक्यात धरायचं कशाने? शिवाय ते मागेपुढे सरकायला हवं, नाहीतर चित्र धूसर. घरातली हत्यारं म्हणजे कात्री, सुई आणि इस्त्री. बुवांनी हाताला येत होतं ते केलं. बकरमचं ताठ कापड आत घालून भिंगाला कडक कॉलर शिवली. अशी कॉलर कुठल्या साहेबाच्या मानेला बसली नसेल. पण भिंग पडलं जड. थोड्याच वेळात ते मान टाकायचं आणि भिंतीवरचं चित्र सावकाश जमिनीवर उतरायचं.

शेवटी बायको बाहेर गेल्याचं बघून त्यांनी साखरेचा डबा रिकामा केला, त्याचं बूड कापलं, कॉलरीसकट भिंग आत सरकवलं आणि डबा खोक्याच्या भोकात खुपसला. काय बसलं! बायकोने आल्यावर परातीतली साखर पाहिली, डब्याकडे पाहिलं.

"उद्या मला कापा," एवढंच म्हणाली, आणि खिडक्यांवर टांगायला जाड चादरी काढून दिल्या.

रविवारी दुपारी फोन आला. बुवांनी लेकीला फोन टेकवून लांब, सरळ उभं राहायला सांगितलं. का ते विचारायचं नाही. भिंतीवर लेक पायांवर उभी दिसावी म्हणून आपला मोबाइल खोक्यात खाली डोकं वर पाय असा ठेवला, डबा पुढे ढकलला, खोकं मागे ओढलं. भिंतीवर धुकं हललं, आणि त्यातून लेक बाहेर आली. डोक्यापासून पायांपर्यंत, आईच्या उंचीची.

"ही भांग उजवीकडे कधीपासून पाडते?" बायकोने हळूच विचारलं.

"चित्र आरशासारखं उलटं पडतं."

"आणि खांद्यावर झुरळ?"

ती मुंगी होती. बुवांनी डबा नुसता पुसला होता, धुतला नव्हता. मुंगी मोबाइलच्या काचेवर फिरत होती आणि भिंतीवर लेकीच्या गळ्याकडे निघाली होती. बायको उठली आणि पदराने भिंत झटकू लागली. मुंगी आपोआप गेली, तरी बायकोचा हात लेकीच्या खांद्यावरून निघाला नाही.

बुवा टेप घेऊन पुढे झाले, तर लेक भिंतीवरून त्यांच्या पाठीवर आली.

"हलू नका," बायको म्हणाली. "आत्ता पाठीवर आहे तुमच्या."

बुवा हलले नाहीत. मग कसंबसं बाजूला होऊन खांद्याचं माप घेतलं, आकडा मोठ्याने सांगितला.

"मघाशी ती स्टुलाएवढी होती," बायको म्हणाली. "तुम्ही खोकं मागे घेतलंत तशी वाढली. मग हे माप कुणाचं?"

बुवांनी टेपकडे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात खोक्यातून आवाज आला. "बाबा, सगळा काळोख आहे. तुम्ही कुठे आहात?"

"समोरच आहोत की. तू छान दिसतेयस."

"पण मला तुम्हाला बघायचं होतं."

बुवांनी मोबाइल बाहेर काढला. लेक पुन्हा वीतभर झाली. चादरी निघाल्या, दोघं एकमेकांना चिकटून मोबाइलच्या चौकटीत बसली. बुवांनी हवापाण्याचं विचारायला तोंड उघडलं.

"बोलू नका काही," लेक म्हणाली. "नुसतं बसा समोर. मी जेवून घेते."

ती सावकाश जेवली. मोबाइल धरून धरून बुवांचा हात भरून आला, तेव्हा बायकोने त्यांच्या कोपराखाली आपला हात दिला.

कोट जुन्याच मापाने कापला. फक्त शिवणीच्या आत बुवांनी इतकी माया सोडली, की तिच्यातून आणखी एक कोट निघाला असता.