गवारेअण्णांचा आजीव अंक

गवारेअण्णांनी आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मिशी व्हर्नियरने मोजलेली आहे. डावी बाजू उजवीपेक्षा जाड भरते, असा निकाल देऊन ते शांतपणे फिरायला निघून गेले. बिचारा वॉचमन पुढचे काही दिवस गेटवर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आरशात डोकावत होता.

व्हर्नियर म्हणजे कारखान्यात पार्टची जाडी मोजायचं स्टीलचं साधन. अण्णा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. तयार माल तपासायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणी काही थांबलेली नाही. तळवड्यात आमच्या खालच्याच मजल्यावर ते एकटे राहतात आणि जगाची तीन गटांत वाटणी करतात: ओके, रीवर्क आणि रिजेक्ट. वडापाव हातात आला की आधी बाजूने बघणार. "पाव ओके. वडा रीवर्क." सोसायटीचे चेअरमन कायमचे रिजेक्ट. माझं काय, असं मी एकदा गमतीत विचारलं, तर म्हणाले, "तुमची तपासणी चालू हाय."

तेव्हा मी हसलो होतो.

"ड्रॉइंग काय म्हणतंय?" हे त्यांचं लाडकं वाक्य. ड्रॉइंगमध्ये, म्हणजे पार्टच्या आराखड्यात, जे आहे तेच बनलं पाहिजे, एवढं साधं तत्त्वज्ञान. एका लग्नात मुहूर्त टळून गेला, तर अण्णा पत्रिका घेऊन थेट स्टेजवर. भटजींच्या नाकासमोर ती धरून म्हणाले, "ड्रॉइंग काय म्हणतंय, गुरुजी?" मुलीच्या बापाने त्यांना गोड बोलून पंगतीत नेऊन बसवलं. तिथे त्यांनी जिलबी नापास केली.

अण्णा एका मासिकाचे आजीव वर्गणीदार आहेत. फार पूर्वी, बोनसच्या दिवसांत, कंपनीच्या गेटवर टेबल मांडून त्या मासिकवाल्यांनी वर्गणीदार गोळा केले होते. एकदा पैसे भरा, जन्मभर अंक घरपोच. तेव्हापासून दर महिन्याला पोस्टाने अंक येतो. तो आला की अण्णा त्याचे चारही कोपरे तपासतात आणि येणाऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मारुंजीची बस धरतात. तिथे सुदाम कांबळे राहतात. हे त्याच कारखान्यातले वेल्डर, आम्ही त्यांना मामा म्हणतो. साखरेने मामांची नजर गेली. मुलगा आणि सून हिंजवडीत कामाला, म्हणून सगळं घर मारुंजीत भाड्याने राहतं. अण्णा त्यांना पहिल्या पानावरच्या मलमाच्या जाहिरातीपासून शेवटच्या पानावरच्या मसाल्याच्या जाहिरातीपर्यंत अख्खा अंक मोठ्याने वाचून दाखवतात. दुपारचं जेवण तिथेच. अण्णांच्या महिन्यात दुसरा सणवार नाही.

आणि या वर्षी अंक यायचा बंद झाला.

दोन महिने वाट पाहून अण्णा माझ्याकडे आले. मी हिंजवडीत कम्प्युटरवर काम करतो, म्हणजे मला सगळं कळतं, अशी त्यांची समजूत. मासिकाच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक मुलगी होती, फार गोड बोलणारी.

"सर, अभिनंदन! तुमचा आजीव अंक आता डिजिटल झाला आहे. तुम्ही तो कुठेही वाचू शकता."

"मला कुटंबी न्हाई वाचायचा, पोरी. मला एकाच ठिकानी वाचायचा हाय."

"सर, मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं."

"पैसे घेतलं तवा कागद सांगितला व्हता. आता काच दावता. माल बदलायचा तर आमच्यात गिऱ्हाइकाची सही लागायची. माझी सही कुटं हाय?"

की-बोर्डची टकटक ऐकू आली. मग मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः संमती दिलेली आहे. तुमच्याच मोबाइलवरून."

अण्णांनी हातातला मोबाइल उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. "मी?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "बघू या."

आता सांगूनच टाकतो. ते बटण मी दाबलं होतं. अण्णा गॅस बुक करायला मोबाइल घेऊन आले होते आणि चष्मा खाली विसरले होते. मध्येच मासिकाचा मेसेज उगवला, अंक आता मोबाइलवर मिळेल असा. वर मोठं हिरवं 'मान्य आहे', खाली मुंगीच्या पायाएवढ्या राखाडी अक्षरांत 'मला छापील अंकच हवा'. मी न वाचताच हिरव्यावर बोट ठेवलं आणि गॅस बुक केला. आणि गंमत अशी, की अशी बटणं मांडणं हाच माझा धंदा आहे. या मासिकाची नव्हेत, दुसऱ्यांची. कुठलं मोठं ठेवायचं आणि कुठलं राखाडी, यावर मी मीटिंगा घेतो. माणूस वाचत नाही, नुसतं दाबतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो.

तेव्हाच बोललो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. पण "बघू या" म्हणालो, आणि त्यानंतर दर दिवशी ते सांगणं अवघड होत गेलं. भरपाई म्हणून मी अण्णांच्या बाजूने कंबर कसली. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायचं ठरवलं. चौकशी केली तर कळलं, तक्रार ऑनलाइन भरा.

"म्हंजी कागद मागायचा तर कागदावर मागता येत न्हाई?" अण्णांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "आपुन नेमकं कुनाच्या ईरुद्ध हाय, राव?"

खरं तर मलाही तो प्रश्न पडला होता. आजीव म्हणजे नेमकं काय, पावतीवर 'छापील' असा शब्द नाही तर हक्क उरतो का, एकदा संमती गेली की परत घेता येते का? जितकं वाचावं तितका गोंधळ. ओळखीच्या एका वकिलाने एवढंच सांगितलं: "संमती त्यांनी दिलीच नाही हे दाखवता आलं, तर बोलता येईल." ते मी अण्णांना सांगितलं नाही.

तक्रारीत एक रकाना होता, नुकसान काय झालं. अण्णा म्हणाले, "रविवारी चला माझ्यासंगं. मग लिवा."

मी गाडी काढली. अण्णांच्या पिशवीत एक अंक होता. मी चमकलो. "जुना हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सुदाम्याला बोलू नका. जुनंच नवं म्हनून वाचतोय. त्याला अंक बंद झाल्याचं ठावंच न्हाई."

मामा शर्टाची वरची गुंडी लावून पलंगावर ताठ बसले होते. अण्णांनी वाचायला सुरुवात केली. बाहेर कडक ऊन आणि अण्णा 'थंडीत टाचांची काळजी' वाचत होते. मध्येच थांबून ओरडले, "सुदाम्या, झोपलास काय रं?"

"टाचाच दाबून बगतोय," मामा म्हणाले. "पुढं वाच. अन् जरा तोंड उघडून वाच. मंत्री भाषण करतो तसं पुटपुटू नको."

राशिभविष्यात अण्णांनी दोन सण बेधडक बदलले. मग पाणी प्यायला ते स्वयंपाकघरात गेले, तसे मामा माझ्या दिशेला कलले.

"हा अंक तिसऱ्यांदा आलाय," ते कुजबुजले. "नवा तर नातीनं तिच्या जुन्या मोबाइलमधी लावून दिलाय. एक बाई वाचती. बटन दाबलं की सुरू. लई साफ वाचती बगा, एक चूक न्हाई."

"मग अण्णांना सांगितलं नाही?"

"येडे का तुम्ही? ती बाई झोपलास का म्हनून इचारती का? ह्याला कळलं की बाई हाय, तर हा कशाला यील? मानी गडी हाय. म्हनंल, तुझं काम होतंय, माझी काय गरज." मामांनी अंदाजाने माझा हात धरला. "तुम्ही शिकलेले. ह्याचं कागदाचं बुक चालू करून द्या. माझ्यासाठी न्हाई. ह्याच्या बससाठी."

परतताना हिंजवडीच्या चौकात गाड्या अडकल्या. रविवार असूनही मुंगीला जागा नव्हती. अण्णा समोर बघत होते. काच खाली केली, पुन्हा वर केली. शेवटी मी स्टीअरिंगकडे बघत म्हणालो, "अण्णा, ते बटण मी दाबलं. गॅसच्या दिवशी. तुम्ही संमती दिलेलीच नाही. मी तसं लिहून देतो, सही करून देतो."

मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी शिव्यांची वाट बघत होतो. निदान 'रिजेक्ट' तरी.

"तुमी?" अण्णा म्हणाले. "नक्की तुमी?"

"नक्की."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. "ती पोरगी म्हनली ना, तुमीच दाबलं. तवापास्नं मला झोप न्हाई, राव. जल्मभर माल तपासला, माझ्या हातनं चुकीचा शिक्का गेला न्हाई. म्हनलं आता हात काय करतोय त्ये डोक्याला कळंना झालंय. भाऊ असाच गेला माझा. पयलं गॅस चालू ठिवायचा, मग पोरांची नावं गेली. रोज सकाळी उठून मी घराचा नंबर म्हनून बगतो."

नुकसानीच्या रकान्यात हे मी कसं लिहिणार होतो?

अण्णांनी चष्मा चढवला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "सुदाम्याला लावा. त्याला सांगतो, मी नीट हाय. त्याच्यावाचून कुनाला सांगनार?"

मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मामांनी फोन उचलला. पलीकडून एक बाई अगदी स्पष्ट, एकही चूक न करता काहीतरी वाचत होती.

"सुदाम्या," अण्णा ओरडले, "कोन बाई बोलतीय रं घरात?"

थोडा वेळ नुसता त्या बाईचाच आवाज येत राहिला.

"टीव्ही हाय," मामा म्हणाले.

"बंद कर आदी. मला बोलायचं हाय."

"केला," मामा म्हणाले. "बोल."