खालच्याला लावलेलं कलम

काकांच्या गॅलरीत एकोणीस कुंड्या होत्या आणि निम्म्या झाडांची नावंही काकांना ठाऊक नव्हती. काकू होत्या तोवर गरज पडली नाही. त्या गेल्यावर काका लहानमोठं न बघता सगळ्यांना सारखंच पाणी घालू लागले. तीन झाडं कुजली, दोन सुकली. पुदिना तेवढा कुणाचं न ऐकता शेजारच्या कुंडीत घुसला.

मोठ्या पिंपातलं लिंबू मात्र काका ओळखायचे. काकू त्याला "माझा थोरला" म्हणायच्या. त्याच थोरल्याच्या बुंध्याला कीड लागली, तेव्हा काकांनी मेहुणीला फोन लावला.

"झाड वाचायचं नाही, भावोजी. पण खालचा फाटा निरोगी आहे ना? त्याला कलम बांधा. दोन बोटं साल काढा, ओलं शेवाळ लावा, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा. दीड महिन्यात मुळं फुटतील. मग कापून नव्या कुंडीत लावा. तेच झाड पुन्हा होईल."

दीड महिना कुठला मिळायला! खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने सोसायटीच्या सचिवांकडे अर्ज दिला होता, की वरच्या कुंड्यांच्या गढूळ पाण्याने गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा खराब झाला, तरी कुंड्या हटवाव्यात. डाग खरं तर त्याच्याच मशीनच्या तेलाचा होता. पण तेल म्हटलं की चूक आपली, पाणी म्हटलं की वरच्याची. सचिवांनी काकांना आठ दिवसांची मुदत दिली.

तरी काकांनी कलम बांधलं आणि गॅलरीतूनच मेहुणीला कळवलं. तीस वर्षं छापखान्यात काढल्यामुळे काकांचे कान जड होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशी त्यांची समजूत होती.

"लावलं! खालच्याला कलम लावलं!" काका ओरडले. "सालटं काढलं त्याचं! ... हो, घट्ट बांधलाय! आता दीड महिना हलू द्यायचा नाही. मग कापायचाच!"

खाली शिंपी कपडे वाळत घालत होता. त्याच्या हातातला चिमटा गळून रस्त्यावर पडला.

तो तडक आपल्या एका गिऱ्हाइकाकडे गेला. हे गिऱ्हाईक वकिलाकडे कारकून होतं.

"अर्ज खरा होता ना?" कारकुनाने विचारलं.

"तसा... अर्धा."

"मग अवघड आहे. कुठलं कलम ते विचारून या."

शिंप्याने काकांची बेल वाजवली. काका दारात आले.

"काका, ते कलम... कितवं आहे?"

"तिसरं, मास्तर. आधीची दोन बांधल्या बांधल्या सुटली."

"आधी दोन लावली होती? कुणाला?"

"खालच्यालाच."

"आणि हे?"

"हे धरणार. या वेळी चांगलं आवळलंय. या ना, बसा."

शिंपी बसला. चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अर्ज मागे घेतला आणि कपडे वाळत घालायची दांडी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. संध्याकाळी तो पुन्हा वर आला. "कलम काय म्हणतंय?"

मग तो रोजच येऊ लागला.

चार दिवसांनी काकांनी हे मेहुणीला सांगितलं. ती इतकी हसली, की काकांनासुद्धा स्वच्छ ऐकू आलं. "अहो भावोजी, त्याला कायद्याचं कलम वाटलंय! सांगून टाका बिचाऱ्याला."

काकांनी उद्या सांगू असं ठरवलं. उद्या आला आणि बेल वाजली. काकू गेल्यापासून संध्याकाळी त्या दाराची बेल कुणी वाजवली नव्हती. मग काकांनी उद्याचं परवावर नेलं. असा दीड महिना गेला.

प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली, तेव्हा काका सुरी घेऊन फाट्यापाशी उभे राहिले. हात काही पुढे होईना. तेवढ्यात शिंपी आला.

"मास्तर," काका म्हणाले, "ते कलम कायद्याचं नव्हतं हो. हे होतं."

"ठाऊक आहे. कारकुनानेच तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच्याकडे डाळिंबाला बांधलंय."

"मग रोज येत कशाला होतात?"

"तुम्ही बसा म्हणायचात." शिंपी जरा खाकरला. "आणि काका, डाग तेलाचा होता."

काकांनी सुरी त्याच्यापुढे धरली. "तुम्हीच कापा. मला नाही जमत."

शिंप्याने सुरी बाजूला ठेवली, खिशातून खडू काढला आणि मुळांच्या खाली रेघ मारली. "जरा जास्तीचं ठेवू. कमी पडलं तर जोडता येत नाही." मग खाली जाऊन मोठी कात्री आणली आणि एका दमात फाटा कापला.

जुन्या झाडाची कीड लागू नये, म्हणून नवी कुंडी शिंप्याकडे ठेवायची ठरली.

काकांना रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी ते खाली गेले. लिंबू उन्हात ताठ उभं होतं. कुंडीला शिंप्याने जाड कापडाचा अंगरखा शिवला होता. काजं, बटणं, सगळं होतं. पुढे एक खिसाही.

काकांनी अंगरखा चिमटीत धरून पाहिला. "मापात चुकलात, मास्तर. ढगळ झालाय."

"मुद्दाम सैल ठेवलाय," तोंडातली सुई काढत शिंपी म्हणाला. "वाढतं वय आहे त्याचं."