तीन मापांतली बाही

शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत बारा नावं झाली नाहीत, तर शिवणवर्गाची खोली टेबल टेनिस मंडळाला जाणार, असं संस्थेच्या सचिवांनी वहिनींना तोंडावर सांगितलं होतं. वहिनींकडे नावं होती पाच. वीस वर्षं चालवलेला वर्ग, सहा शिलाई मशिनं आणि नावं पाच! वहिनींची झोप उडाली, आणि नेमके अशा वेळी भावोजी मदतीला धावले.

भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. एका ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे. मदतीला धावणं त्यांच्या रक्तातच होतं. कुठे धावतोय ते बघणं तेवढं राहून गेलं होतं.

"पहिला धडा फुकट दाखवू, वहिनी. जुन्या विद्यार्थिनी, चौकशी करून गेलेले लोक, सगळ्यांच्या फोनवर मेसेज जाईल. व्हिडिओ बघायचा, खालचं बटण दाबायचं, की नाव नोंदलं."

"पण तो टाकायचा कुठे?"

"आपल्याच सर्व्हरवर! सगळं ओपन सोर्स. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, आणि कुणालाही आतून उघडून बघता येतं."

"तुम्ही बघितलंत?"

"अहो, बघता येतं म्हणजे बघायलाच पाहिजे असं थोडंच आहे!"

शुक्रवारी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणून कापडं बेतायच्या टेबलाखाली बसवला. व्यवस्था अगदी सोपी होती. एका फोल्डरमध्ये व्हिडिओ टाकला की सर्व्हर तो आपणहून उचलणार, त्याच्या मोठी, मध्यम आणि लहान अशा तीन प्रती करणार, म्हणजे ज्याचं इंटरनेट जसं तशी प्रत त्याला दिसेल. मग वर्गाच्या पानावर चढवणार आणि सगळ्यांना मेसेज धाडणार.

"तीन मापं," वहिनी म्हणाल्या. त्यांना कळलं होतं.

तयार झालेल्या प्रती ठेवायच्या कुठे, हा प्रश्न शेवटी उरला. भावोजी नीटनेटके. एक काम आणि दहा फोल्डर त्यांना खपत नसे. त्यांनी प्रतीही त्याच फोल्डरमध्ये ठेवायला सांगितल्या, आणि समाधानाने घरी गेले.

शनिवारी सकाळी दहाला वहिनींनी 'बाही कशी लावावी' हा सहा मिनिटांचा धडा फोल्डरमध्ये सोडला. थोड्या वेळाने मेसेज गेला. दोनशे वीस फोन वाजले. वहिनींना भरून आलं.

मग आणखी तीन मेसेज गेले. मग नऊ. मग सत्तावीस.

"बाई, आज एकदम इतके धडे?" एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता दवाखान्यात नर्स होती. "मी चौदा बघितले. सगळ्यांत बाहीच आहे."

वहिनींनी भावोजींना ऑफिसात फोन लावला. त्यांनी तिथूनच सर्व्हरची नोंदवही तपासली.

"एकही चूक नाही, वहिनी! सगळीकडे 'काम यशस्वी' लिहिलंय."

"अहो, पण ते थांबत नाहीये!"

"घाबरू नका. बंद करून परत चालू करतो."

त्यांनी तसं केलं. परत चालू झालेल्या सर्व्हरने फोल्डरमधलं सगळं जणू पहिल्यांदाच बघितलं आणि नव्या उमेदीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पानावर आता 'बाही कशी लावावी, लहान, मध्यम, लहान, लहान' अशी नावं झळकू लागली. चित्र इतकं पुसट की बाही कुठली आणि वहिनी कुठल्या, ते ओळखू येईना. फोनवर फोन येत होते. वहिनी प्रत्येकाची माफी मागत होत्या, आणि आता फोन केलाच आहे म्हणून समोरचा माणूस मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईबद्दल, एखादी शंका विचारून घेत होता.

दोन वाजता भावोजी धापा टाकत येऊन पोहोचले. टेबलाखाली शिरले ते तासभर बाहेर आलेच नाहीत.

"यात काहीतरी गूढ आहे," टेबलाखालून आवाज आला.

"तयार झालेल्या प्रती कुठे पडतात?" वहिनींनी विचारलं.

"त्याच फोल्डरमध्ये."

"आणि नवीन काम तो कुठून उचलतो?"

"त्याच फो..."

"भावोजी, शिवून झालेले कपडे तुम्ही परत बेतायच्या ढिगात टाकताय! तो बिचारा दिसेल ते कापतोय. त्याला दुसरी टोपली द्या."

मग टेबलाखाली दोन मिनिटं कळफलक वाजला, आणि मेसेज थांबले. भावोजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत सुताचे धागे होते आणि चेहरा पडलेला होता.

"वहिनी, माझ्यामुळे तुमची खोली गेली."

वहिनींना राग आला होता, पण तो चेहरा बघून तो बाहेर पडेना. "आधी नावं तर बघू," त्या म्हणाल्या.

नावं होती अकरा. भावोजींनी पान तीनदा उघडून बघितलं. नर्सबाईंनी नाव देताना लिहिलं होतं, 'प्रत्येक धडा वेगळा असेल म्हणून बघत गेले. तिसाव्याला उठून जुना शर्ट उसवला. बाही पहिल्यांदाच चुण्या न पडता बसली!' नव्याने नाव दिलेल्या बाकीच्या पाच जणांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं होतं.

पण अकरा म्हणजे बारा नव्हेत. पावणेपाच झाले तरी बारावं नाव काही आलं नाही, आणि पाचच्या ठोक्याला सचिव दारात उभे राहिले. त्यांचाही नंबर मेसेजच्या यादीत होता.

"हा काय प्रकार आहे? दिवसभर माझा फोन केकाटतोय! एका बैठकीत सतरा वेळा!"

"चूक झाली, साहेब," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "अकराच नावं झाली. मशिनं हलवायला दोन दिवस द्या."

सचिवांनी वहिनींनी कागदावर उतरवलेली नावांची यादी हातात घेतली. वाचली. परत वाचली. मग घसा साफ करून आवाज खाली आणला.

"बाही मुंढ्यापेक्षा थोडी मोठी असते, बरोबर? ते जास्तीचं कापड तुम्ही बोटांनी कुठे जिरवता, ते सकाळपासून बघतोय. एकदाही नीट दिसलं नाही. पुढे पुढे तर सगळं धूसरच होत गेलं."

"ते हातात कापड घेतल्याशिवाय नाही कळायचं," वहिनी म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी." सचिवांनी खिशातून पेन काढलं, यादीत खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि खिडकीजवळच्या मशिनवर जाऊन बसले. "टेबल टेनिसवाल्यांना मी बघतो. तुम्ही दाखवा. पण एकदाच."