यशवंतरावांची ओ

"अवो, दूध बघा," मंजुळाबाईंनी बाथरूममधून हाक मारली. पुन्हा मारली. बाहेर येऊन पाहतात तर दूध ओट्यावरून खाली उतरत होतं आणि यशवंतराव शेजारच्याच खुर्चीत टीव्हीवर बातम्या ऐकत होते. चाकणच्या कंपनीत, प्रेस शॉपच्या दणदणाटात उभा जन्म गेलेला माणूस, कान अधू व्हायचेच, असं म्हणून बाईंनी सोडूनही दिलं असतं. पण तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या सुमनताईंचा मऊ आवाज आला.

"यशवंतराव, पाण्याची मोटर बंद करता का जरा?"

"आलो, आलो," म्हणत यशवंतराव चपला न घालताच गेले.

मंजुळाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. टीव्ही चालू, वॉशिंग मशीन चालू, खाली दिघीच्या रस्त्यावर हॉर्न, आणि त्यातून हिचाच आवाज बरा सापडतो. मग त्यांनी पाळतच ठेवली. सोसायटीच्या आरतीत झांजांच्या गलक्यात सुमनताईंनी नाव घेतलं, तर हे प्रसाद टाकून धावले. बाई मात्र कानाशी उभ्या राहून "अवो, अवो" करत होत्या.

"लय गोड बोलती व्हय ती?"

"कोण?"

"कोण म्हनं."

आयुष्यभर ज्याला भाकऱ्या थापून घातल्या, त्याच्या कानात आपल्यालाच जागा नाही, हे बाईंना फार लागलं. त्यांनी नवऱ्याला ओढत कानाच्या दवाखान्यात नेलं.

"यांचा कान एकाच बाईकडं उघडतोय," त्या तपासणाऱ्या तेजस्विनीला म्हणाल्या. "हाय का काही औषध?"

तेजस्विनीने यशवंतरावांच्या कानांना हेडफोन लावून बराच वेळ तपासलं. मग बाईंना बाजूला घेतलं. "काकू, कान वयाच्या मानाने ठीक आहेत. पण वय वाढलं की गोंगाटातून एकच आवाज निवडणं मेंदूला जड जातं. रोजचं, ओळखीचं तो सोडून देतो. स्वतःचं नाव मात्र चटकन पकडतो. तुम्ही काय म्हणून हाक मारता?"

"अवो."

"आणि त्या शेजारच्या?"

बाई हळूच म्हणाल्या, "पर मी नाव कसं घिऊ? लग्नात घेतलं तेवढंच, ते बी उखाण्यात."

"घेऊन तर बघा."

संध्याकाळी टीव्ही मोठ्याने चालू होता, कुकर शिट्ट्या देत होता. मंजुळाबाईंनी पदर सावरला, देव्हाऱ्याकडे बघून मनातल्या मनात माफी मागितली आणि स्वयंपाकघरातून, जमेल तितक्या गोड आवाजात, हाक मारली, "यशवंतराव."

यशवंतराव ताडकन उठले. लग्नानंतर बाईंनी कधी पाहिलं नव्हतं असं हसू त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

यशवंतरावांनी केसांवरून हात फिरवला, बाईंकडे न बघता थेट जिन्याकडचं दार उघडलं आणि म्हणाले, "आलो हं, सुमनताई."