उपग्रह फोनची गिऱ्हाइकं कोणी पळवली?

"लिही," दादा म्हणाला, "ज्याच्या नजरेतून चालत्या मुंगीचा लंगडेपणाही सुटत नाही, ज्याच्या पावलांचा आवाज खुद्द त्यालाही ऐकू येत नाही, असा या शहरातला एकमेव गुप्तहेर..."

"दादा, पाटी रंगवणारा अक्षरामागे पैसे घेतो."

दादाने बोटांवर अक्षरं मोजली. "मग लंगडेपणा काढ. मुंगी राहू दे."

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. वजनमापं तपासायच्या कचेरीतून तो नुकताच निवृत्त झाला होता. तीस वर्षं दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली लोहचुंबकं शोधल्यामुळे, जगात जे काही बिघडतं ते कोणीतरी खालून चिकटवलेलं असतं, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. मी तेव्हा दुपारपर्यंत एका दंतवैद्याची वही सांभाळायचे आणि दुपारनंतर दादाची अब्रू. आता सगळं आठवलं की हसू येतं. तेव्हा नुसता घाम यायचा.

पाटी लागली त्याच आठवड्यात मावशी आली. आईची धाकटी बहीण, पूर्वी शाळेत शिवण शिकवायची. राहायला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघे असे की एकदा वर पोचली की दोन दिवस खाली उतरायची नाही. तळमजल्यावर एक खोली घ्यायची म्हणून साठवलेले सगळे पैसे तिने एका कंपनीच्या शेअरांत घातले होते. कंपनी उपग्रहावरून चालणारे फोन विकायची. तार नको, खांब नको. वाळवंटातून बोला नाहीतर भर समुद्रातून.

"वर्षभरात किती विकले?" दादाने विचारलं.

"एकोणीस. त्यातले अकरा संचालकांनीच घेतले."

"हं. घातपात!"

"ते तू बघ. शुक्रवारी भागधारकांची सभा आहे, कंपनी बंद करायचा ठराव यायचाय. बंद झाली तर माझ्या कागदांची रद्दी. मग मला खाली आणायला एकदम चार माणसंच येतील, आणि तेव्हा मला जिन्याचं काही वाटणार नाही."

मावशी हसत म्हणाली खरं, पण हात गुडघ्यावर दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीत गेलो. जाहिरातीचे साहेब म्हणाले, "आमचा काय दोष? मिनिटाचा दर ऐकून माणूस पाणी मागतो." दर ठरवणारे साहेब म्हणाले, "दर ऐकायला माणूस यायला तर हवा! यांची जाहिरात बघूनच पळतो." दोघांच्या टेबलांमध्ये एक भिंत होती आणि ती चांगली जाड होती, हे कंपनीचं नशीब.

भिंतीवर भलंमोठं पोस्टर होतं. बर्फाच्या शिखरावर टाय लावलेला माणूस, कानाला फोन, खाली ठळक अक्षरांत 'चौकशीसाठी संपर्क' आणि लांबलचक नंबर. मी तो माणूस बघत राहिले. बिचाऱ्याला स्वेटर तरी द्यायचा.

तेवढ्यात दादा गुडघ्यांवर रांगत जाहिरात साहेबांच्या टेबलाखाली शिरला आणि विजयी मुद्रेने बाहेर आला. त्याच्या चिमटीत वाळलेलं च्युइंगम होतं. त्याने ते पाकिटात घातलं आणि वर तारीख टाकली.

बाहेर येताच तो कुजबुजला, "दर साहेबांच्या टेबलावर काय होतं, पाहिलंस? साधा, तारेचा फोन! शत्रूचा फोन वापरतो!"

"दादा, कचेरीत सगळ्यांच्याच टेबलावर होता."

"म्हणजे टोळी आहे."

गुरुवारी दुपारी तो मावशीच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन उभा राहिला. तासाभराने म्हणाला, "उपग्रह जागेवर नाही."

"अरे, भर दुपारी कसा दिसेल?"

"म्हणूनच भर दुपारी पळवतात."

मावशीने मला हळूच विचारलं, "तुझ्या दंतवैद्याला डोक्यातलं काही कळतं का गं?"

शुक्रवारी मावशी चार मजले उतरली, प्रत्येक वळणावर पायरीवर बसत. आम्ही पोचलो तेव्हा सभागृहात नुसता कल्लोळ चालला होता. "एवढ्या दरात माणूस बोलणार काय, नुसतं हॅलो?" "शिखरावर टाय लावून कोण जातं हो?" दर साहेब जाहिरात साहेबांकडे बोट दाखवत होते, जाहिरात साहेब दर साहेबांकडे.

दादा उठला. "थांबा! या कंपनीत शत्रूचा हस्तक आहे, आणि हा त्याचा पुरावा!" त्याने पाकीट उंच धरलं.

जाहिरात साहेब पुढे वाकून बघत म्हणाले, "ते माझं आहे. गेल्या वर्षीचं."

हशा ओसरला तसा अध्यक्षांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितले. पहिला हात मावशीचा.

"हा मतात मोजू नका, मला बोलायचंय," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात मी फोनच्या बूथवर गेले. म्हटलं, ज्यात पैसे घातले ती वस्तू पडते तरी केवढ्याला, विचारावं. पोस्टरवरचा नंबर दिला. बूथवाल्याने दरपत्रक काढलं. सगळे देश संपले, मग जहाजं आली, आणि त्यांच्याही खाली हा नंबर. म्हणाला, 'आजी, आधी पैसे ठेवा, मग लावतो.' किती, म्हटलं. त्याने आकडा सांगितला आणि स्टूलही पुढे केलं. मी बसले."

अध्यक्षांनी सावकाश मान वळवली. "पोस्टरवर कुठला नंबर दिलाय?"

"आपल्याच उपग्रह फोनचा, साहेब," जाहिरात साहेब म्हणाले. "आपला आपल्या मालावर विश्वास दिसायला नको?"

मागून एक रस्त्यांचा कंत्राटदार उठला. "मी पैसे मोजून लावला होता. दोनदा. कोणी उचलला नाही. मला सहा हवे होते."

"कुठे असतो तो फोन?" अध्यक्षांचा आवाज बारीक झाला होता.

"लोखंडी कपाटात, कुलपात," दर साहेब म्हणाले. "एवढी महागाची वस्तू उघड्यावर कशी ठेवणार?"

"आणि वर आकाश नसेल तर तो वाजतो का?"

"नाही," दोन्ही साहेब एकदम म्हणाले. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

अध्यक्ष कंत्राटदाराकडे वळले. "अजून हवेत का सहा?"

"दर खाली आणा, मग बोलू."

ठराव सहा महिने पुढे गेला. पोस्टरवर कचेरीचा साधा नंबर आला, दर थोडा उतरला. दादाने फायलीत लिहिलं, 'माझ्या अंदाजाप्रमाणे दोष चिकटवलेलाच निघाला. पोस्टरवर.' मी ते तसंच टाइप केलं.

शेअर चढले, पण चढून चढून किती चढणार? वर्षाने मावशीने विकले तेव्हा तळमजल्याला पैसे पुरले नाहीत. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. सामान हलवायला आम्ही गेलो, तर ती खुर्ची खिडकीशी ओढून बसली होती.

"मावशी, अजून दोन जिने राहिलेच गं," मी म्हटलं.

"राहू देत. इकडे ये." तिने खिडकीतून हाक मारली, "ओ, टोमॅटो कसे दिले?" रस्त्यावरच्या भाजीवाल्याने मान वर केली आणि भाव सांगितला.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "चौथ्यावरून त्याला ऐकूच जायचं नाही."