पाइनचा होम

झाडाचा रोग ओळखण्यात सुमतीबाईंचा हात धरणारं अख्ख्या डोंबिवलीत कोणी नव्हतं. असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आणि घरात दुसरं माणूसच नसल्यामुळे ते एकमताने मंजूर होतं!

ठाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना पाइनचं बोन्साय दिलं. उंची वीतभर, रुबाब हिमालयाचा! त्यानंतर तीन वर्षं बाई बोलल्या त्या त्याच्याशीच. दाराची बेल वाजवायचा तो फक्त दूधवाला, आणि तोही घाईत असायचा.

एका गुरुवारी पाइनच्या सुईसारख्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. शेंडे तपकिरी. भिंग लावलं, तर बारीक काळे ठिपके.

"बुरशी!" बाई विजयी स्वरात म्हणाल्या. उपचारही तोंडपाठ होता. रोगट सुया खुडून जाळायच्या, मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचं, ते वाळलं की पुढे महिनाभर पानं कोरडी ठेवायची. संपला रोग!

खुडलेल्या सुया त्यांनी गॅलरीत घमेल्यात पेटवल्या. त्यांत राळ भरलेली! असा घमघमाट सुटला, की कोणीतरी किलोभर धूप जाळतंय असं अख्ख्या बिल्डिंगला वाटावं.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या मनुबाई. डोक्यावर पदर, हातात नारळ.

"काय ओ बाई, घरात होम घातला नि आम्हाला सांगितला पन नाय?"

"होम नाही हो, ती बुरशी..."

"असू दे, असू दे! अगं मंजुळा, ये वर! शेवंतीला पन घे. नि चपला भायेर काढा गं!"

बघता बघता खोली भरली. घमेल्याला नमस्कार झाले. राख कपाळाला लागली.

"किती शांत वाटतं हो तुमच्याकडे!" शेवंती म्हणाली.

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मनुबाई भिंतीला टेकल्या आणि माहेरी आल्यासारखे पाय पसरून बसल्या. बाईंनी तोंड मिटलं आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

शिरा घेऊन बाहेर येतात तो काय! पाइनच्या बुंध्याला हळदकुंकू, आणि मंजुळा तांब्यातलं पाणी फुलाने पानांवर शिंपडतेय!

"अगं, पानांवर नको!"

"का हो?"

सगळ्या जणी बाईंकडे बघू लागल्या. पानं भिजली की बुरशी फोफावते, एवढं एकच वाक्य. झाड वाचलं असतं. आणि दारातल्या चपला एकेक करून जिना उतरल्या असत्या.

"म्हणजे... थोडंसंच शिंपड," बाई म्हणाल्या.

मग मनुबाईंनी शिंपडलं. शेवंतीने शिंपडलं. तिने आपल्या सासूच्या नावानेही शिंपडलं! पाइन आंघोळ घातलेल्या मांजरासारखं दिसू लागलं.

निघताना मनुबाईंनी विचारलं, "दर गुरुवारचा धरलाय ना ओ? पुढच्या खेपेला खिचडी मी आनते."

बाईंनी झाडाकडे पाहिलं. सुईसुईवर थेंब लोंबत होते. एवढ्या ओलीत पुढच्या गुरुवारपर्यंत जाळायला सुया हव्या तेवढ्या निघणार, यात शास्त्रीयदृष्ट्या काहीच शंका नव्हती.

"दर गुरुवारी," त्या म्हणाल्या. "लवकर या हं!"

झाड एकूण किती गुरुवार पुरेल, हा हिशेब मात्र त्यांनी मांडला नाही.