पावणेसात कोटींची भट्टी

बिस्किटांच्या त्या कारखान्यात नवी भट्टी घ्यायची की नाही, याचा निकाल शुक्रवारच्या मीटिंगमध्ये लागणार होता आणि गुरुवारी दुपारी फायनान्सबाई आपल्या टेबलाशी बसून त्याचं गणित मांडत होत्या. जुनी भट्टी आता अगदीच टेकीला आली होती. तिच्या डाव्या बाजूनं बिस्किटं कोवळी निघत, उजव्या बाजूनं करपलेली. मधली तेवढी विकायला जात. नवी भट्टी बारा कोटींची होती. कच्चा माल एका टोकाला घातला की दुसऱ्या टोकाला सारखा रंग बाहेर पडणार, असं तिच्या माहितीपत्रकात रंगीत चित्रांसकट लिहिलेलं होतं.

फायनान्सबाईंचा जीव एकाच गोष्टीवर होता, ती म्हणजे एनपीव्ही, निव्वळ वर्तमान मूल्य. दहा वर्षांनी हातात पडणारा रुपया हा आजचा रुपया नव्हे. वाट बघण्याची किंमत कापून जे उरतं तेवढाच तो आजचा. भट्टीची पुढच्या एकेका वर्षाची कमाई अशी छाटायची, आजच्या टेबलावर आणून मांडायची, बेरीज करायची आणि तिच्यातून भट्टीची किंमत वजा करायची. काही उरलं तर भट्टी घ्यावी, खड्डा पडला तर घेऊ नये. इतकी वर्षं हे करूनही बाईंना दर वेळी नवल वाटायचं. अजून न उगवलेली दहा वर्षं एका चौकटीत येऊन गप्प बसतात, याचं.

वाट बघण्याचा दर कंपनीनं बारा टक्के ठरवलेला होता. बाईंनी एक टाइप केला आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडातल्या बिस्किटाचा एक कण कीबोर्डवर पडला. बाई टापटिपीच्या. त्यांनी तो नखानं उडवला आणि मग दोन टाइप केला. कण उडवताना नख दशांशचिन्हाच्या बटणावर टेकलं, हे त्यांना कळलं नाही. बारा टक्क्यांचे एक पूर्णांक दोन दशांश टक्के झाले.

खालच्या चौकटीत उत्तर आलं: अधिक पावणेसात कोटी.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. एवढं उत्तर त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी विक्रीचे आकडे तपासले, इंधनाचे तपासले, कर तपासला, भट्टीची किंमत तपासली. दर तेवढा तपासला नाही. तो त्यांना पाठ होता, आणि पाठ असलेलं पुन्हा कोण वाचतं?

शुक्रवारी मीटिंगमध्ये मालकांनी तो आकडा पडद्यावर पाहिला. कारखाना वडिलांनी उभारलेला, मालकांनी तो फक्त सांभाळलेला. आकड्यांपुढे ते डॉक्टरपुढे बसल्यासारखे बसत.

"पावणेसात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कोटी?"

"हो."

"म्हणजे भट्टीची किंमत जाऊन?"

"सगळं जाऊन. तेही आजच्या रुपयात."

मालक उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते उभे राहिल्यावर विक्रीसाहेब उठले, भट्टीसाहेब उठले, खरेदीबाई उठल्या. सगळे एकेका खात्याचे प्रमुख, आणि खात्याच्याच नावानं ओळखले जाणारे. मग मालक हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी करार करू. भट्टी आत घ्यायला मागची भिंत पाडावी लागेल, माणसं बोलवा."

दुपारपर्यंत आकडा कँटीनमध्ये पोचला आणि संध्याकाळपर्यंत बँकेत. बँकेचे मॅनेजर, जे एरवी फोनही उचलत नसत, ते स्वतः पुष्पगुच्छ घेऊन आले आणि फायनान्सबाईंच्या शेजारी उभं राहून फोटो काढून गेले. लिफ्टमध्ये लोक बाईंना जागा करून देऊ लागले. खरेदीबाईंशी त्यांचं गेल्या वर्षीपासून एका पंख्यावरून बोलणं बंद होतं; त्या खरेदीबाईंनी चक्क दार उघडून धरलं. गोदामातला कारकून जिन्यात थांबून म्हणाला, "बाई, माझ्या पोराचं इंजिनियरिंग काढून द्या ना."

"काढून म्हणजे?"

"ते तुमचं निव्वळ काय ते. घालू का नको त्याला?"

बाई हसल्या, पण घरी जाताना त्यांनी लिफ्टच्या आरशात स्वतःकडे दोनदा बघून घेतलं.

रविवारी सकाळी चहा पिता पिता सासूबाईंनी विषय काढला. "अगं, सगळी सोसायटी विचारतेय मला, सुनेनं असं काय शोधून काढलं म्हणून. मला काही सांगता येत नाही. जरा समजावून तरी सांग."

"सोप्पं आहे, आई." बाईंनी लॅपटॉप उघडला. तो भट्टीचाच तक्ता होता. "समजा, मी तुम्हाला दहा वर्षांनी शंभर रुपये देणार आहे."

"दहा वर्षांनी कशाला? आत्ताच दे."

"तेच तर! आत्ताचे शंभर आणि दहा वर्षांनंतरचे शंभर सारखे नाहीत. मग दहा वर्षांनंतरच्या शंभराचे आज किती? बत्तीस. बघा, हा तक्ता सांगेल." त्यांनी शंभर टाइप केले.

तक्त्यानं सांगितलं: एकोणनव्वद.

"बत्तीस म्हणालीस ना?" सासूबाईंनी चष्मा सारखा केला.

"थांबा हं, आई."

"माझी काही घाई नाही. पण मला बत्तीसपेक्षा हे एकोणनव्वद बरे वाटतायत."

बाईंनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. एक, मग बारीकसा ठिपका, मग दोन. त्यांना वाटलं, पडद्यावर काही चिकटलंय. त्यांनी पदरानं पुसलं. ठिपका गेला नाही. ते दशांशचिन्ह होतं. त्यांनी ते खोडून बारा टाइप केलं आणि खालच्या चौकटीतले पावणेसात कोटी बघता बघता नाहीसे झाले. तिथं आलं: उणे सत्तर लाख.

त्यांनी मालकांना फोन लावला. मागे गाणी वाजत होती.

"साहेब, त्या आकड्याबद्दल जरा बोलायचं होतं..."

"बाई, मी सगळ्या नातेवाइकांत बसलोय आणि त्याच आकड्याबद्दल बोलतोय! आभार उद्या मानतो. उद्या!" फोन बंद झाला.

सोमवारी बाई कारखान्यात पोचल्या तेव्हा दोन गवंडी घण घेऊन मागच्या भिंतीपुढे उभे होते. एकानं हातावर थुंकून घण उचललासुद्धा होता.

"थांबा!" बाई पर्स सांभाळत धावल्या. "भिंत पाडू नका!"

"वरून ऑर्डर आहे, बाई."

"मग मी वर जाऊन येते. तोपर्यंत हात लावायचा नाही."

गवंड्यांनी घण खाली ठेवला आणि ते भिंतीलाच टेकून बसले.

मीटिंगच्या खोलीत कराराचे कागद मांडलेले होते. मालकांनी नवा कोट घातला होता. बाईंनी दार लावून घेतलं आणि बसण्याआधीच सांगून टाकलं. बिस्किटाचा कण, नख, ठिपका, सगळं. "भट्टीनं फायदा होत नाही, साहेब. सत्तर लाखांचा खड्डा पडतो. चूक माझी आहे. राजीनामा लिहून आणलाय."

मालकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी फुगा काढून घेतल्यासारखे ते नुसते बघत होते. खाली गवंड्यांचं हसणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात विक्रीसाहेब खाकरले. "सत्तर लाखच ना? मग... मला एक सांगायचंय. विक्रीचा आकडा मी मुद्दाम कमी दिला होता."

"कमी?"

"जास्त सांगितला की तुम्ही तेच टार्गेट म्हणून माझ्या गळ्यात बांधता. खरं म्हणजे वर्षाला चाळीस लाख जास्त सुटतील. दरवर्षी मी थोडं दाबूनच सांगतो."

त्या खोलीत आजवर कितीतरी आकडे सांगितले गेले होते, पण कुणी आपणहून आपला आकडा खोटा आहे असं म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बाईंनी उभ्या उभ्या चाळीस लाख तक्त्यात घातले. दीड कोटींच्या वर अधिक.

"वाचलो!" मालक म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"मालक, सही करू नका." भट्टीसाहेबांचा आवाज बारीक झाला होता. हा गडी भट्टीच्या धगीत आयुष्य काढलेला, एरवी त्याचा आवाज आवारभर ऐकू यायचा. "यांनी खरं सांगितलं, मग मला पण राहवत नाही. इंधनाची बचत मी तीस लाखांनी फुगवून दिलीय. वर्षाला."

"अहो, पण का?"

"मला ती भट्टी हवी होती." ते टेबलाकडे बघत म्हणाले. "मी तिचं माहितीपत्रक उशाखाली ठेवतो. बायको हसते मला."

कुणी हसलं नाही. बाईंनी तीस लाख काढले. उणे साडेतेरा लाख. मालकांनी पेनाचं टोपण परत लावलं.

आता सगळ्यांच्या नजरा खरेदीबाईंकडे वळल्या. त्या पदराशी चाळा करत होत्या.

"माझ्याकडे काय बघताय?"

"काही नाही," फायनान्सबाई म्हणाल्या. "सहज."

"बरं, ऐका. भट्टी बारा कोटींना नाही पडत. पंधरा लाख मी वर धरलेत. शेवटच्या दिवशी घासाघीस करून ते कमी करायचे आणि मालकांकडून शाबासकी घ्यायची. दर वेळी तेच करते मी."

"दर वेळी?" मालकांनी विचारलं. "ते पॅकिंगच्या मशीनचे आठ लाख? मी तुमचा सत्कार केला होता!"

"शाल चांगली होती," खरेदीबाई खाली मान घालून म्हणाल्या.

इतक्या वर्षांत फायनान्सबाईंच्या तक्त्यात पहिल्यांदाच एकेक खरा आकडा येऊन बसत होता, आणि त्यांना देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. त्यांनी पंधरा लाख कमी केले. अधिक दीड लाख आणि वर काही हजार.

"अधिक आहे ना? मग झालं की!" विक्रीसाहेब म्हणाले.

मालकांनी मात्र पेन उचललं नाही. ते कोटाचं बटण फिरवत होते. "बाई, समजा, भट्टी कशी बनते ते बघायला कुणी जाणार असेल, विमानानं, तर तो खर्च यात धरतात का?"

"कोण जाणार आहे, साहेब?"

"मी. आणि ही. मी तिला शब्द दिला होता. कालच तिकिटं काढली, कंपनीच्या नावावर."

"रद्द होतात का?"

"आजच्या दिवस होतात."

"मग धरावा लागेल. करार नाही केला तर तो वाचतो ना. किती?"

मालकांनी आकडा सांगितला. तो दीड लाख आणि वर काही हजारच होता. बाईंनी तो घातला, बटण दाबलं आणि त्या चौकटीकडे बघतच राहिल्या.

"काय झालं?"

त्यांनी पडदा सगळ्यांकडे वळवला. चौकटीत शून्य होतं.

पुन्हा सगळे उभे राहिले. शुक्रवारी मालकांमागून उठले होते. आज जो तो आपणहून उठला. एवढ्या मोठ्या भट्टीची दहा वर्षं, इंधन, मजुरी, लाखो बिस्किटं, तिकिटं आणि शाल, सगळं एकमेकांत वजा होऊन एका गोल चिन्हात येऊन थांबलं होतं. भट्टीसाहेबांनी डोळे पुसले.

"असं मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं," फायनान्सबाई पुटपुटल्या.

"पण शून्य म्हणजे काय?" मालकांनी विचारलं. "घ्यायची की नाही?"

"घेतली तर नुकसान नाही, नाही घेतली तरी नाही. कंपनीला जेवढं मिळायला हवं तेवढं बरोब्बर मिळतं. गणिताला यापुढे काही म्हणायचं नाही, साहेब. आता तुम्ही ठरवायचं."

"मी?"

"तुम्हीच."

मालक घाबरले. वडील होते तोवर वडिलांनी ठरवलं, मग सल्लागारांनी, मग तक्त्यानं. ते खिडकीपाशी गेले. खाली जुन्या भट्टीतून ट्रे बाहेर येत होते. डावी बाजू पांढरी, उजवी काळी. बराच वेळ ते बघत राहिले. मग वळले आणि जरा लाजतच म्हणाले, "घेऊ या. मला ती हवी आहे. सगळीकडून सारख्या रंगाचं बिस्किट मला एकदा माझ्या कारखान्यात बघायचंय."

मालकांना काही हवं असल्याचं खोलीतल्या कुणी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी राजीनाम्याचा कागद न वाचताच बाईंना परत केला आणि करारावर सही केली.

"मिनिट्समध्ये कारण काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा, सखोल आर्थिक विश्लेषणाअंती."

बाईंनी लिहिलं. एवढ्यात भट्टीसाहेबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. खरं बोलण्याची त्यांना चटक लागली होती. "मालक, एक बारीकसं सांगायचं राहूनच गेलं. ते दुरुस्तीच्या खर्चाचं..."

आयुष्यभर लोकांच्या मागे लागून खरा आकडा काढून घेणाऱ्या फायनान्सबाईंनी फाडकन लॅपटॉप मिटला.

"मीटिंग संपली," त्या म्हणाल्या. "गवंड्यांना सांगा, भिंत पाडा."